गळक्या रेडिएटरची काटकसरीने बदली

सेनगाव तालुक्यातील गोरेगाव व आसपासच्या खेड्यांतून हळद, सोयाबीन व तूर हा माल हिंगोलीच्या बाजारपेठेस नेण्याचे काम आता बहुतांशी पिक-अप गाड्या करतात. यांतील पुष्कळ गाड्या जुन्या घेतलेल्या असतात. हळदीची शिजवणी व वाळवणी आटोपून माल बाजारात नेण्याचे दिवस नेमके चैत्र-वैशाखाचे. त्या वेळी हवेचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते आणि रेडिएटरचे दुखणे उघडकीस येते. गळका रेडिएटर बदलण्याचा खर्च बेताचा आहे. परंतु तो तसाच चालविल्यास एंजिनाचे हेड वाकते, गॅस्केट जाते, दट्टे सिलिंडरात धरतात, आणि मग होणारा खर्च एका हंगामाची कमाई खाऊन टाकतो.

रेडिएटरचे कार्य

एंजिनातील उष्णता पाणी शोषून घेते. ते पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून वाहताना वाऱ्याने थंड होते व पुन्हा एंजिनात जाते. साधे पाणी १०० अंशांस उकळते. रेडिएटरचे झाकण आतील दाब वाढवून ही मर्यादा सुमारे १२० अंशांपर्यंत नेते. म्हणून गळतीने केवळ पाणी कमी होते असे नव्हे, तर दाबही टिकत नाही आणि उरलेले पाणी लवकर उकळू लागते.

प्रथम गळती शोधावी

सर्वच गळती रेडिएटरची नसते. रबरी नळ्या, त्यांच्या क्लिपा, झाकणाचे रबर व पाण्याचा पंप आधी तपासावा. ज्या जागी गळते तेथे पांढरा वा हिरवट थर जमतो. एंजिन ऑइल दुधाळ दिसल्यास दोष हेड गॅस्केटचा असण्याचा संभव अधिक. तेथे नवा रेडिएटर बसवून उपयोग नाही. संशय राहिल्यास रेडिएटर काढून कारागिराकडे न्यावा. तो तोंडे बंद करून हवा भरतो व रेडिएटर पाण्यात बुडवितो. सायकलच्या ट्यूबप्रमाणे बुडबुडे निघतात तेथे छिद्र असते.

हळदीचा उपाय

छिद्र बुजविण्यासाठी रेडिएटरमध्ये हळदीची पूड टाकण्याची युक्ती चालकांमध्ये रूढ आहे. तिने लहान छिद्र काही काळ बुजते, हे खरे. परंतु तोच गाळ बारीक नळ्याही बुजवितो. अडचणीच्या वेळी घर गाठण्यापुरताच हा उपाय समजावा.

डाख द्यावा की नवा घ्यावा

जुन्या गाड्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असत. त्यांची जाळी शाबूत असून गळती एकाच जागी असेल, तर डाख देऊन काम भागते. अलीकडील रेडिएटरची जाळी अॅल्युमिनियमची व टाक्या प्लॅस्टिकच्या असतात. प्लॅस्टिकची टाकी तडकल्यास डाख बसत नाही. नवा घेणे हेच शेवटी स्वस्त पडते. जाळीच्या पात्या हाताने चुरत असतील तरीही नवाच घ्यावा. भंगारातील रेडिएटर पाण्यात तपासून दिल्याशिवाय घेऊ नये. खरेदीपूर्वी दोन-तीन दुकानांत भाव विचारावा. जुना रेडिएटर सोबत नेऊन नळ्यांची तोंडे व बोल्टची भोके जुळवून पाहावीत. तांब्या-पितळेच्या मोडीस किंमत येते, तीही हिशेबात धरावी.

बदलण्याची रीत

१. एंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. उसळणाऱ्या वाफेने तोंड व हात भाजतात.
२. बॅटरीची ऋण तार सोडवावी. पंखा विजेवर चालणारा असल्यास तो अचानक सुरू होऊ शकतो.
३. खालची तोटी उघडून द्रव घमेल्यात घ्यावा. कूलंट चवीस गोड पण विषारी असते. ते गुरांच्या वा कुत्र्यांच्या वाटेत ठेवू नये, विहिरीजवळ ओतू नये.
४. वरची व खालची नळी, पंख्याचे आवरण व बोल्ट काढून रेडिएटर सरळ वर उचलावा.
५. आधाराची रबरे नव्यास लावून तो बसवावा. फुगलेल्या वा चिरलेल्या नळ्या आणि सैल क्लिपा त्याच वेळी बदलाव्या.
६. कूलंट व शुद्ध केलेले पाणी गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात मिसळून भरावे. विहिरीच्या वा बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने नळ्यांत खडा धरतो.
७. झाकण उघडे ठेवून एंजिन सावकाश चालवावे. वरची नळी गरम होऊन बुडबुडे थांबेपर्यंत द्रव घालीत राहावे; मग झाकण लावावे. दुसऱ्या दिवशी थंड एंजिनावर पातळी पुन्हा पाहावी.

एंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची चाल आहे, ती सोडावी. त्यायोगे एंजिन योग्य उष्णतेस पोचत नाही व डिझेल अधिक जळते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हळदीची वाहतूक सुरू होण्यापूर्वी गावातील गाडीमालकांस एकत्र करून ही तपासणी प्रत्यक्ष दाखवावी. सकाळी थंड एंजिनावर पाण्याची पातळी पाहण्यास दोन मिनिटे लागतात. भरलेली गाडी रस्त्यात उभी राहिली, तर शेतकऱ्याचा बाजाराचा दिवसच बुडतो.