अर्थिंगची तार किती जाड असावी?

विजेच्या इस्त्रीच्या दोरींत तीन तारा असतात. दोन रोज राबतात. तिसरी, हिरवी अर्थिंगची तार, बहुधा निजलेलीच असते. म्हणूनच घर बांधतांना पुष्कळजण तिच्याच जाडींत काटकसर करितात, आणि हीच काटकसर घातक होय. आंतली जिवंत तार पत्र्यास चिकटली, कीं शेंकडों अँपिअरचा लोंढा ह्या तिसऱ्या तारेवर येतो. फ्यूज वितळेपर्यंत तिनें तो सोसला पाहिजे. तीच आधीं जळून तुटली, तर पत्र्यावर २३० व्होल्टचा दाब राहतो, आणि इस्त्री करणाऱ्या आईचा देहच अर्थिंगची तार बनतो!

समजा, १००० अँपिअर प्रवाह ०.१ सेकंद वाहिला. प्रवाहास काळाच्या वर्गमूळानें गुणून १४३ नें भागावें. (पी.व्ही.सी. वेष्टणाच्या सुट्या तांब्याच्या तारेचा हा अंक.) उत्तर २.२ येतें, अर्थात् बाजारांतील २.५ चौरस मिलिमीटरची तार हवी.

गणिताचा कंटाळा येणाऱ्यांसाठीं आंतरराष्ट्रीय विद्युत् आयोगाचा सोपा नियम आहे. जिवंत तार १६ चौरस मिलिमीटरपर्यंत असेल, तर अर्थिंगची तार तितकीच, १६ ते ३५ पर्यंत १६, त्यापुढें निम्मी. मीटरपासून घरांत येणारी तांब्याची तार १० ची असली, तर तिच्यासोबतची हिरवी तारही १० चीच घ्यावी.