विज्ञान शिक्षणासाठी महाविद्यालयांनी एकत्र यावे

दहावीनंतर मूल विज्ञान शाखेत गेले की घरात आनंद होतो. परंतु खरी कसोटी प्रवेशानंतर सुरू होते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजी पाठ्यपुस्तके जड जातात, आणि घरात पूर्वी कोणी विज्ञान शिकलेले नसेल तर पुढची वाट दाखविणारेही कोणी नसते. त्यातच अल्पसंख्य समाजातील संशोधक विद्यार्थ्यांसाठी २००९ मध्ये सुरू झालेली मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती केंद्र शासनाने २०२२-२३ पासून बंद केली. अशा वेळी असलेली साधने वाटून घेणे हाच मार्ग उरतो.

सोलापुरात त्यासाठी भूमी तयार आहे. दयानंद (१९४०), संगमेश्वर (१९५३) आणि जैन समाजाच्या पाठशाळेने स्थापन केलेले वालचंद (१९६२) ही विज्ञान शिकविणारी महाविद्यालये एकाच शहरात आहेत. २००४ पासून जिल्ह्याला स्वतंत्र विद्यापीठही लाभले. २०१९ मध्ये त्यास पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले.

आपल्याच धर्मप्रांतातील साताऱ्याने याहून पुढचे पाऊल टाकले आहे. अल्पसंख्य जैन समाजात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत व जेवत. त्याच संस्थेची यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, छत्रपती शिवाजी आणि धनंजयराव गाडगीळ ही तीन महाविद्यालये मिळून २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले.

स्वतंत्र विद्यापीठ न करताही सहकार्य शक्य आहे. एकाने उपकरण द्यावे, दुसऱ्याने प्राध्यापक, तिसऱ्याने वसतिगृहातील जागा. प्रथम वर्षाच्या आरंभी गणित व इंग्रजीचे पूर्वतयारी वर्ग एकत्र घ्यावेत. सुटीत विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करू द्यावे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये सहभागी संस्थांतून मिळविलेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या एकाच खात्यात जमा होतात. त्यामुळे दुसऱ्या महाविद्यालयात केलेला अभ्यास नियमांच्या चौकटीत पदवीसाठी धरता येतो.

यात आपला वाटा लहान असला तरी मोलाचा आहे. धर्मग्रामातील शिक्षक, परिचारिका व अभियंते यांनी दरवर्षी एकेका विद्यार्थ्याचा हात धरावा, त्याला प्राध्यापकांपर्यंत न्यावे आणि अर्ज भरण्यास साहाय्य करावे. मात्र ही दारे केवळ आपल्याच मुलांसाठी उघडावीत, अशी मागणी आपण करू नये. मुस्लिम, बौद्ध, जैन मुलेही त्याच बाकावर बसतात. सर्वांसाठी मागितलेले सहकार्यच टिकते, असे आम्हांस वाटते.