डोलकाठीचे ताणे

परभणीकरास नौकेचे दर्शन बहुधा गंगाखेडच्या गोदापात्रापुरतेच; परंतु मांडवाची मेढ चहूबाजूंनी ताणून धरणारे दोर ज्याने पाहिले, त्यास शिडाच्या नौकेची डोलकाठी ज्या स्थिर तारांच्या आधारे उभी राहते, त्यांचे प्रयोजन निराळे सांगावे लागत नाही.

पूर्वपीठिका : मुंबईत सागवानात बांधलेल्या ज्या ३२ फुटी ‘सुहेली’ नौकेतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्याने, कोठेही न थांबता, ३१२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली, तिच्याच धर्तीवर गोव्यात बांधलेल्या, नौकानयनपटू अभिलाष टॉमी यांच्या ‘थुरिया’ची डोलकाठी सप्टेंबर २०१८ मध्ये हिंदी महासागरातील वादळात मोडली; म्हणून डोलकाठीच्या तारांची निगा पुढे सांगितली आहे.

ताण : नौका पाण्यात राहून फळ्या फुगल्यानंतरच, प्रथम वरच्या व मग खालच्या तारा दोन्ही अंगांस समप्रमाणात कसाव्यात; कारण अतिरिक्त ताणाने डोलकाठीचा बुंधा पठाणावर (नौकेच्या तळाच्या कण्यावर) दाबला जाऊन फळ्यांच्या सांधी उकलतात.

बदल : तारेच्या टोकाच्या सांध्यापाशी एक पेड जरी तुटलेला आढळला, तरी ती तार बाद समजावी, मात्र सर्व तारा एकदम न उतरविता, शीड चढविण्याच्या दोराने डोलकाठी जखडून एकेक बदलावी, आणि तारा ज्यांना खाली जखडलेल्या असतात, त्या लाकडाआड दडलेल्या पोलादी पट्ट्या तडकलेल्या नाहीत, याची खातरजमा करावी.