बॅटरीचं पाणी कोण बघतं?

‘ते काही बायकांचं काम नाही,’ असं म्हणून आपण किती गोष्टी बाजूला सारतो, नाही? सिलिंडरचा रेग्युलेटर आपण बसवतो, कुकरची रिंग बदलतो, मिक्सरचा कपलर तुटला तर दुकानातून आणून लावतो. पण जिन्याखालच्या बॅटऱ्यांकडे मात्र झाडू मारतानासुद्धा लांबूनच बघतो. मीही तशीच होते. त्याची किंमत मला एका रात्रीत कळली.

आमचं घर सोलापूर जिल्ह्यात, तालुक्याच्या गावाबाहेरच्या वसाहतीत. लोडशेडिंगचे ते जुने दिवस आता राहिले नाहीत. पण वळवाचा पाऊस आला, तार तुटली, की रात्र-रात्र अंधार. म्हणून २०१९ च्या दिवाळीत आम्ही गच्चीवर एक किलोवॅटची पॅनेल्स बसवली आणि जिन्याखाली दोन मोठ्या ट्यूब्युलर बॅटऱ्या. प्रत्येकी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास. मुख्य कारण सासूबाई. त्यांना दम्याचा त्रास. रात्री-अपरात्री नेब्युलायझर लावावा लागतो आणि त्याला वीज हवी.

हे शिक्षक. दुसऱ्या तालुक्यात नोकरी, घरी येणार शनिवारी. सुरुवातीला तेच बॅटऱ्या बघायचे. पुढे ते मागे पडलं. एकदा फोनवर म्हणाले, “पाणी कमी झालं असेल, घाल जरा.” मी घातलं. कुठलं? स्वयंपाकघरातल्या आरओचं. पिण्याइतकं स्वच्छ पाणी, बॅटरीला काय वाईट, असा माझा हिशोब.

मे २०२२ मधली गोष्ट. संध्याकाळी वादळ झालं आणि वीज गेली. रात्री अडीचच्या सुमारास सासूबाईंना धाप लागली. मी नेब्युलायझर लावला. दोन मिनिटं चालला असेल, तोच इन्व्हर्टरनं शिट्टी वाजवायला सुरुवात केली आणि सगळं बंद. पंखा, दिवा, मशीन. अंधारात फक्त त्यांच्या छातीचा घरघराट ऐकू येत होता. शेजारच्या भावजींनी रिक्षा काढली, भर पावसात आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. त्या वाचल्या. पण त्या दहा मिनिटांत त्यांनी माझा हात ज्या ताकदीनं धरला होता, ती पकड मला अजून जाणवते.

दोन दिवसांनी बाजारपेठेतले बॅटरीवाले मामा आले. वय साठीच्या पुढं, बोटं ॲसिडनं पिवळी पडलेली. त्यांनी झाकणं उघडली आणि काही न बोलता मला टॉर्चनं आत दाखवलं. एका बॅटरीच्या तीन कप्प्यांत प्लेटा उघड्या पडल्या होत्या. मामा म्हणाले, “ताई, कैरीच्या लोणच्यावर तेल कमी पडलं की वरच्या फोडींचं काय होतं?”

“बुरशी धरते.”

“हे तसंच. पाण्याबाहेर आलेली प्लेट मेली म्हणायची. आणि बुडलेल्या होत्या त्या तुमच्या पाण्यानं खराब केल्या.”

आरओचं पाणी आपल्याला शुद्ध वाटतं, पण त्यात थोडे क्षार राहतातच. चवीसाठी काही मशीनमध्ये ते मुद्दाम परत मिसळतात. बॅटरीला तेवढेही चालत नाहीत. नळाचं, बोअरचं, पावसाचं, एसीतून गळणारं, कुठलंच नाही. फक्त सीलबंद डिस्टिल्ड वॉटर. मी वॉरंटीचं कार्ड शोधून काढलं, तर त्यात बारीक अक्षरांत हेच लिहिलेलं. अडीच वर्षं ते कार्ड देवघराच्या ड्रॉवरमध्ये पडून होतं.

दुसरी चूक लेकाची. त्यानं परसातल्या गोठ्यासाठी १२ व्होल्टचा एक दिवा थेट एका बॅटरीवरून जोडला होता. आम्हाला त्याचं कौतुक! पण आमच्या दोन्ही बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्टच्या केलेल्या. त्यांतली एकच रोज जास्त रिकामी व्हायची. चार्जिंग मात्र दोघींना सारखंच. एक कायम अर्धपोटी, दुसरीला अजीर्ण. शिवाय तो दिवा इन्व्हर्टरला न विचारता वीज घेणारा, त्यामुळे बॅटरी किती उतरली तरी तो बंद व्हायचा नाही.

तिसरी चूक पुन्हा माझी. वीज गेली की मी घरघंटी लावायची, इस्त्री करायची. ‘उन्हाची फुकट वीज आहे,’ म्हणत. मामांनी वहीच्या पाठकोऱ्या पानावर हिशोब मांडला. तो प्रत्येकीनं आपल्या घराचा मांडावा, म्हणून इथं देते.

१२ गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-तास. दोन बॅटऱ्यांचे ३६००, म्हणजे साडेतीन युनिटच्या थोडं वर. पण लेड-ॲसिड बॅटरी जगवायची तर त्यातलं रोज निम्मंच वापरायचं. राहिले १८००. थोडी वीज इन्व्हर्टरमध्येच जाते. हाती धरा १५००. आता खर्च. ७५ वॅटचे दोन जुने पंखे रात्री आठ तास चालले, तर १२०० तिथंच संपले. घरघंटी ७५० वॅटची. तासभर चालवली की निम्मी रात्र गेली. इस्त्री हजार वॅटची. आणि ज्यासाठी हे सगळं केलं तो नेब्युलायझर? पाव तासाला जेमतेम तीस-चाळीस वॅट-तास! एवढीशी वीज त्या रात्री शिल्लक नव्हती.

मी विचारलं, “पण मामा, बॅटरी उतरली की इन्व्हर्टर शिट्टी वाजवतो ना?” ते हसले. म्हणाले, “ती शेवटची घंटा. बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये साडेदहा-पावणेअकरा व्होल्टपर्यंत कट होत नाही. तोवर बॅटरी पार तळाला गेलेली असते.” अशी तळाला गेलेली बॅटरी तशीच राहिली, की प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि मग कितीही ऊन दिलं तरी तो सुटत नाही. भिशीसारखंच आहे बघा. उचल केली की हप्ते वेळेवर भरायचे. नुसती उचल करत राहिलं, तर भिशी बुडते.

आमची बुडाली. एक बॅटरी कामातून गेली, दुसरी अर्धी. “एकच नवी टाकू का?” मी विचारलं, तर मामांनी ठाम नकार दिला. जुनी आणि नवी एकत्र जोडली की जुनी नवीलाही आपल्याबरोबर खाली ओढते. दोन्ही एका कंपनीच्या, एका क्षमतेच्या, एकाच वेळी घेतलेल्या हव्यात. जुन्या परत देऊनही जवळपास पंचवीस हजारांना खड्डा पडला. ते माझ्या भिशीचे पैसे होते, लेकीच्या कॉलेजच्या ॲडमिशनसाठी ठेवलेले. नंतर ते कसे भरून काढले, तो वेगळाच विषय.

त्या दिवशी मी मामांना म्हटलं, “आता मला शिकवा. सगळं.” त्यांनी शिकवलं. तेच आता तुम्हाला सांगते.

महिन्यातून एकदा, आणि एप्रिल-मेमध्ये तीन आठवड्यांनी, पाण्याची पातळी बघायची. बहुतेक ट्यूब्युलर बॅटऱ्यांवर तरंगती काडी असते. तिचा हिरवा भाग दिसला तर ठीक, लाल दिसला तर पाणी हवं. पाणी घालायचं ते बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर, आणि खुणेपर्यंतच. काठोकाठ भरलं तर चार्ज होताना ॲसिड बाहेर येतं. प्लेटा उघड्याच दिसल्या तर मात्र आधी त्या बुडतील एवढं घालायचं, चार्ज करायचं आणि मग बाकीचं. वरून ॲसिड कधीही घालायचं नाही. ॲसिड आतच राहतं, उडतं ते पाणी.

दोनेकशे रुपयांपासून साधा मल्टिमीटर मिळतो. आठवड्यातून एकदा, सकाळी पॅनेलवर ऊन यायच्या आत, सगळा लोड बंद करून अर्धा तास थांबायचं आणि प्रत्येक बॅटरी वेगळी मोजायची. १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली. १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे आज काटकसर. दोघींमध्ये दोन दशांशापेक्षा जास्त फरक दिसायला लागला, तर मेकॅनिकला बोलवायचं. त्याच्याकडच्या हायड्रोमीटरनं एकेक कप्पा तपासता येतो.

पावसाळ्यात चार-पाच दिवस ढग असले की बॅटरी अर्धपोटीच राहते. तेव्हा वीज असेल त्या वेळी तिला लाइनवर पूर्ण चार्ज होऊ द्यायचं आणि वापर कमी करायचा. पॅनेलवरची धूळ सकाळी लवकर, काच थंड असताना, साध्या पाण्यानं आणि मऊ फडक्यानं पुसायची. आमच्याकडे धूळ फार. पुसल्यावरचा फरक दिसतो.

बॅटरीला उकाडा सोसत नाही. साधारण २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना तिचं आयुष्य निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. म्हणून पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीवर उन्हात ठेवू नका. पोती, जुनी पांघरुणं टाकून झाकू नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो आणि तो ठिणगीनं पेट घेतो. वारा खेळता हवा. आमच्या जिन्याखाली बॅटऱ्यांना लागूनच रद्दी आणि रॉकेलचा जुना कॅन होता, आणि वरच्या फळीवर रोज निरांजन लागायचं! आता देवघर हलवलंय.

आणि मैत्रिणींनो, हे खास आपल्यासाठी. बॅटरीजवळ जाण्याआधी हातातल्या धातूच्या बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र काढून ठेवा. दोन टोकांवर सोन्याची बांगडी टेकली तर ती क्षणात लाल होते, हात भाजतो. बॅटरी सोन्याची भीड धरत नाही. जुने सुती कपडे, रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. पाना वापरायचा असेल तर त्याच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळा. आधी पॅनेलची बाजू बंद, मग इन्व्हर्टर, मग हात. टोकांवर पांढरी-हिरवी पूड जमली तर खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या ब्रशनं घासा. मात्र झाकणं घट्ट बंद हवीत, सोडा आत जाता कामा नये. कोरडं करून व्हॅसलिन लावा. ॲसिड अंगावर उडालंच, तर भरपूर पाण्यानं धूत राहा. डोळ्यांत गेलं तर पंधरा-वीस मिनिटं पाणी मारून थेट डॉक्टरांकडे.

जुनी बॅटरी फेरीवाल्या भंगारवाल्याला देऊ नका. उघड्यावर फोडली की शिसं मातीत जातं आणि लहान मुलांच्या मेंदूला ते फार घातक. दुकानात परत द्या. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्यांची व्यवस्था लावणं ही उत्पादकांची जबाबदारी आहे.

हल्ली ओळखीच्या बायका विचारतात, की सरकारच्या सूर्यघर योजनेतून पॅनेल घेतलं, आता वीज गेली तरी दिवे लागतील ना? ही योजना २०२४ मध्ये सुरू झाली, अनुदान ७८ हजारांपर्यंत मिळतं, बिल खरंच कमी येतं. पण बॅटरी नसलेली ग्रीडची यंत्रणा लाइन गेली की आपणहून बंद होते. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये, म्हणून तसं केलेलं असतं. घरात आजारी माणूस असेल, तर हे घेण्याआधीच विचारा. लिथियम बॅटरीला पाणी घालायची कटकट नसते, निम्म्याहून बरीच जास्त वीज वापरता येते. पण ती महाग, आणि तुमचा इन्व्हर्टर तिला चालतो का हे तपासूनच घ्यावी.

नव्या बॅटऱ्यांना आता तीन वर्षं उलटून गेलीत. परवाचं माप होतं १२.७ आणि १२.७. गोठ्याच्या दिव्याची तार मी स्वतः काढली. घरघंटी फक्त वीज असताना. सासूबाईंच्या खोलीत कमी विजेचा, ३० वॅटचा पंखा. आणि रात्री दहानंतर वीज नसेल तर टीव्ही बंद, मग मालिकेत काहीही चाललेलं असो.

कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी मी आता व्होल्ट लिहिते. ते बघून शनिवारी घरी आलेले हे म्हणाले, “आता मला काही कामच ठेवलं नाहीस.” मी त्यांना डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणायला पिटाळलं. सासूबाई खाटेवरून सगळं ऐकत होत्या. संध्याकाळी दिवेलागणीला त्या मला रोज विचारायच्या, “तुळशीला पाणी घातलंस का गं?” आता त्यात एक प्रश्न वाढलाय.

“आणि तिला? जिन्याखालचीला?”