पेण सातवं की नववं?

रायगड जिल्ह्यातल्या १५ तालुक्यांची यादी मराठीत अकारविल्हे लावा. पेण येतं सातव्या क्रमांकावर, रोहा तेराव्या. तीच यादी इंग्रजी स्पेलिंगने लावली की पेण नवव्या आणि रोहा अकराव्या जागी! खरी उडी मात्र उरणची. मराठीत अलिबागच्या पाठोपाठ दुसरं, इंग्रजीत थेट तळाला. आणि इंग्रजीत कुणी पेणचा ‘पी’ चुकून छोटा टाइप केला, तर साध्या सॉर्टमध्ये पेण उरणच्याही खाली जातं, कारण संगणकाच्या हिशेबी सगळी कॅपिटल अक्षरं छोट्यांच्या आधी.

पेणची ओळख गणपतीच्या मूर्ती. समजा, एखाद्या कारखान्याच्या वेबसाइटवर मूर्तींच्या उंचीचा, इंचांतला रकाना आहे: ६, ९, १२, १८, २४. मजकूर म्हणून लावला तर क्रम होतो १२, १८, २४, ६, ९, कारण आधी पहिला आकडाच पाहिला जातो. ॲलन जार्डिन यांची ‘डेटाटेबल्स’ ही वेबवरच्या तक्त्यांसाठीची लोकप्रिय जावास्क्रिप्ट लायब्ररी रकान्यात काय आहे ते स्वतः ओळखते. सगळे आकडे असले तर क्रम बरोबर. पण एका खणात ‘दीड फूट’ लिहिलं की अख्खा रकाना मजकूर ठरतो, आणि काल नीट लागणारा तक्ता आज बिघडतो. देवनागरी आकडे तर जावास्क्रिप्टला संख्या म्हणून कळतच नाहीत.

तारखांची गंमत आणखी मोठी. गेल्या काही गणेश चतुर्थी मजकूर म्हणून लावा: ०७/०९/२०२४, १९/०९/२०२३, २७/०८/२०२५, ३१/०८/२०२२. दिवस चढत्या क्रमाने, वर्षं वाट्टेल तशी!

‘ळ’ आपल्या वर्णमालेत ‘ह’नंतर येतो. संगणकासाठी अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडने त्याला ‘ल’शेजारी बसवलं. म्हणून शाळेत शिकलेल्या क्रमाने ‘कविता’ आधी आणि ‘कळस’ नंतर, तर निव्वळ कोडप्रमाणे उलट. अनुस्वार तर तिथे ‘अ’च्याही आधी आहे.

सगळ्यात चक्रावणारा प्रकार जुन्या क्रोमचा. समजा, तालुक्यांच्या त्या तक्त्यात जिल्ह्याचाही रकाना आहे आणि पंधराही ओळींत ‘रायगड’ लिहिलंय. त्यावर सॉर्ट केलं तर काहीच हलायला नको, तरी ओळींची अदलाबदल होऊ शकत असे. दहा किंवा कमी ओळी असल्या तर मात्र सगळं जागच्या जागी! कारण दहापर्यंत एक पद्धत वापरली जाई, अकरापासून दुसरी, आणि ही दुसरी समान किमतींचा मूळ क्रम सांभाळत नसे. डेटाटेबल्स यासाठी ओळीचा मूळ क्रमांक लक्षात ठेवते, हा तिचा शहाणपणा. ऑक्टोबर २०१८ मध्ये क्रोमच्या ७०व्या आवृत्तीत मूळ क्रम सांभाळणारं टिमसॉर्ट आलं. टिम पीटर्स यांनी ते २००२ मध्ये पायथनसाठी लिहिलं होतं. मूळ क्रम सांभाळणं २०१९ पासून जावास्क्रिप्टचा नियमच झाला.

तुमच्या मंडळाचा, पतपेढीचा किंवा शाळेचा तक्ता वेबवर टाकणार असाल, तर रकान्याचा प्रकार स्वतः ठरवून द्या. ‘इंच’ शीर्षकात लिहा, खणात नुसता आकडा ठेवा. तारीख वाचणाऱ्याला ‘२७ ऑगस्ट’ अशी दिसू द्या, पण सॉर्टसाठी मागे वर्ष-महिना-दिवस असा क्रम द्या. आणि नावांची भाषा मराठी आहे हे ब्राउझरला जरूर सांगा, तशी सोय त्यात आहे.