घामाचा हिशेब : जपानी चित्रमालिकांतील खेळ

वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतील माणूस बोलावयास उभा राहिला म्हणजे तो किमान वेतन, कंत्राटी पद्धत किंवा महागाई यांपैकी एखादा विषय घेईल, अशी सर्वांची अपेक्षा असते. माझा विषय ऐकून संयोजकांनाही थोडे आश्चर्य वाटले. जपानी चित्रमालिका, ज्यांना आपली तरुण मुले ‘ॲनिमे’ म्हणतात, हा पन्नाशी उलटलेल्या युनियनवाल्याचा विषय कसा काय होऊ शकतो? तथापि गेल्या पावसाळ्यापासून मी या मालिका पाहत आलो आहे, आणि त्यांतल्या खेळांच्या मालिका तर मन लावून पाहिल्या आहेत. त्या पाहताना श्रमाविषयी मला जे उमगले, ते शक्य तितक्या सोप्या रीतीने मांडतो.

प्रथम हे घडले कसे ते सांगितले पाहिजे. मी दौलताबादचा. माझा मुलगा वाळूजच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. दुसरी पाळी संपवून तो मध्यरात्र उलटल्यावर घरी येतो, जेवतो, आणि झोपण्यापूर्वी मोबाईलवर मालिकेचा एखादा भाग पाहतो. “दिवसभर राबून आलास, आता ही कार्टुने कशाला पाहतोस?” असे मी एकदा रागावून विचारले. तो म्हणाला, “अण्णा, पाच मिनिटे बसा तर खरे.” मी बसलो. पडद्यावर व्हॉलीबॉलचा सामना चालू होता. पाच मिनिटांचा अर्धा तास केव्हा झाला, ते मला कळले नाही.

वस्तुतः ही चित्रे आपणांस अगदीच परकी नाहीत. १९९३ च्या सुमारास दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगलीची जी मालिका लागत असे, ती जपानमध्ये १९८९ साली तयार झाली होती. हिंदी रूपांतरात शेरखानाला आवाज दिला होता नाना पाटेकरांनी. आपल्यापैकी पुष्कळांनी ती पाहिली. ती जपानी आहे हे फार थोड्यांना ठाऊक होते.

खेळांच्या मालिकांची परंपरा त्याहून जुनी आहे. ‘क्योजिन नो होशी’ ही बेसबॉलवरील मालिका १९६८ ते १९७१ या काळात जपानी दूरचित्रवाणीवर चालली. मूळ चित्रकथा लेखक इक्की काजिवारा व चित्रकार नोबोरू कावासाकी यांची. नायक एका मजुराचा मुलगा. बाप एके काळी खेळाडू होता. त्याचे राहिलेले स्वप्न मुलाने पुरे करावयाचे आहे. त्यासाठी बाप मुलाच्या अंगावर स्प्रिंगांचा एक साज चढवतो. शाळेत, घरात, जेवताना, प्रत्येक हालचालीला त्या स्प्रिंगा ओढून धरतात, आणि त्यांतून मुलाचे हात बळकट होतात.

हीच कथा पुढे आपल्या मुंबईत आली. २०१२ च्या डिसेंबरात ‘सूरज : द रायझिंग स्टार’ या नावाची मालिका कलर्स वाहिनीवर सुरू झाली. जपानी आणि भारतीय कंपन्यांनी मिळून ती केली होती. बेसबॉलच्या जागी क्रिकेट आले, नायक मुंबईच्या झोपडपट्टीतला झाला, आणि स्प्रिंगांच्या जागी सायकलच्या ट्यूब आल्या. साहित्य बदलले; तत्त्वज्ञान मात्र तेच राहिले. बापाने पिळावे, मुलाने सोसावे, आणि मुलगा मोठा झाला की सर्व सोसणे सार्थकी लागले असे आपण मानावे. त्या वस्तीतल्या बाकीच्या मुलांचे काय झाले, हा प्रश्न कथेत मध्यभागी कधीच येत नाही.

या तत्त्वज्ञानाला जपानीत ‘कोन्जो’ म्हणतात. आपल्याकडचा शब्द जिद्द. चिवटपणाही म्हणता येईल. या जिद्दीला सर्व जपानात मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली ती एका गिरणी कंपनीच्या संघाने, आणि येथे माझ्यासारख्या माणसाचे कान टवकारतात. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉलचा प्रथमच समावेश झाला. २३ ऑक्टोबर रोजी जपानच्या महिला संघाने सोव्हिएत संघाला हरवून सुवर्णपदक घेतले. या संघातील बहुतेक खेळाडू ओसाकाजवळच्या काइझुका येथील निचिबो या सूतगिरणी कंपनीच्या नोकरीतील मुली होत्या. दिवसा नोकरी, आणि ती संपल्यावर रात्री उशिरापर्यंत सराव, असा त्यांचा क्रम. त्यांचे प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सु अत्यंत कठोर म्हणून प्रसिद्ध होते. पुढे १९६८ मध्ये ते जपानी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात निवडून गेले. त्या विजयानंतर मुलींसाठी व्हॉलीबॉलच्या चित्रकथा निघाल्या. ‘अटॅक नंबर वन’ ही १९६९ साली सुरू झालेली मालिका त्यांतलीच.

मुंबईच्या गिरणगावातही गिरण्यांचे कबड्डीचे संघ होते, आणि त्यांच्या सामन्यांना कामगारवस्ती लोटत असे. तेव्हा त्या मुलींच्या पराक्रमाचे कौतुक मला कमी नाही. परंतु जिद्द हा शब्द खेळाडूच्या तोंडून येतो तेव्हा त्याचा अर्थ एक असतो. तोच शब्द मालकाच्या तोंडून आला की त्याचा अर्थ जादा पाळी असा होतो. कंत्राटी मुलांना बारा तास उभे ठेवून “मेहनत करा, पुढे जाल” असे सांगणारे पर्यवेक्षक मी पुष्कळ पाहिले आहेत.

याच काजिवारांनी दुसऱ्या टोपणनावाने, चित्रकार तेत्सुया चिबा यांच्यासह, ‘आशिता नो जो’ ही मुष्टियुद्धाची कथा लिहिली. १९७० मध्ये तिची मालिका झाली. ती मला पहिलीपेक्षा फार सच्ची वाटली. तिची भूमी टोकियोतील रोजंदारी मजुरांची वस्ती आहे. आपल्या शहरांत पहाटे मजुरांचे अड्डे भरतात, माणसे डबे घेऊन उभी असतात, आणि कोणी मुकादम बोट दाखवील त्याला काम मिळते. तशीच ती वस्ती. जो हा अनाथ, भटक्या मुलगा. तो बालसुधारगृहात असताना दारूच्या आहारी गेलेला एक जुना मुष्टियोद्धा त्याला पोस्टकार्डे पाठवून ठोसे कसे मारावेत याचे धडे देतो. मी स्वतः शाळा सोडल्यावर वाचनालयातल्या पुस्तकांवर वाढलो. त्या पोस्टकार्डांनी मला गलबलून आले. जोचा प्रतिस्पर्धी रिकिइशी त्याच्याशी समोरासमोर लढता यावे म्हणून भयंकर उपासमार करून वजन उतरवतो, आणि त्या सामन्यानंतर मरण पावतो. चित्रकथेतल्या या मृत्यूने लोक इतके हलले, की २४ मार्च १९७० रोजी टोकियोत त्याचा अंत्यविधी करण्यात आला. कवी व नाटककार शूजी तेरायामा यांचा त्यात पुढाकार होता. न जन्मलेल्या माणसासाठी शेकडो जिवंत माणसे शोकाला जमली. घामालाही किंमत असते आणि ती कधी कधी प्राणाची असते, एवढे सत्य या कथेने लपवले नाही.

आता माझ्या मुलाच्या आवडत्या मालिकेकडे येतो. तिचे नाव ‘हाइक्यू’, म्हणजे व्हॉलीबॉलच. हारुइची फुरुदाते यांची ही चित्रकथा २०१२ ते २०२० पर्यंत चालली, आणि तिची मालिका २०१४ साली सुरू झाली. नायक हिनाता ठेंगणा आहे. पण उडी उंच मारतो. त्याचा जोडीदार कागेयामा चेंडू उचलून देण्यात निष्णात.

या मालिकेचे मर्म समजण्यासाठी खेळाचा नियम लक्षात घेतला पाहिजे. क्रिकेटमध्ये एकटा फलंदाज दिवसभर खेळू शकतो. व्हॉलीबॉलमध्ये चेंडू कोणालाही धरून ठेवता येत नाही. अडवताना लागलेला हात सोडला तर एकाला लागोपाठ दोनदा तो मारता येत नाही, आणि तीन स्पर्शांत तो जाळीपलीकडे गेला पाहिजे. म्हणजे एकाने झेलावा, दुसऱ्याने उचलून द्यावा, तिसऱ्याने मारावा. आपल्या खेड्यांतल्या शाळांच्या पटांगणांवर हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालला आहे. पण त्याच्या नियमातच संघटनेचा धडा आहे, हे मला जपानी चित्रांनी दाखवले.

कागेयामाची एक जुनी हकीकत या मालिकेत आहे. पूर्वीच्या शाळेत तो सोबत्यांवर हुकूम सोडी. माझ्या वेगाने धावा, माझ्या उंचीवर उड्या मारा. लोक त्याला राजा म्हणत, पण ते कौतुक नव्हते. एका सामन्यात त्याने नेहमीप्रमाणे चेंडू उचलून दिला, आणि मारण्यासाठी कोणी उडीच मारली नाही. चेंडू मोकळ्या जागेत पडला. माझा मुलगा म्हणाला, “सगळे त्याच्यावर रुसले.” मी म्हणालो, “अरे, हा संप आहे!” हुकूम देणाऱ्याचे कौशल्य कितीही अव्वल असो, राबणाऱ्यांनी हात आखडले की ते कौशल्य जमिनीवर पडते. पुढे कागेयामा बदलतो. मारणाऱ्याला चेंडू कसा हवा हे तो विचारू लागतो. वाटाघाट म्हणतात ती हीच.

दुसरा प्रसंग हरलेल्यांचा. स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत नायकांचा संघ एका साध्या शाळेला हरवतो. अशा वेळी कथा विजेत्यांबरोबर पुढे जाते. येथे मात्र ती थांबते आणि पहिल्या फेरीत बाद झालेल्या मुलामुलींचे चेहरे दाखवते. तीही हाच खेळ खेळली होती, तीही घामाघूम झाली होती. बाद पद्धतीच्या स्पर्धेत एक सोडून प्रत्येक संघ कधी ना कधी हरतोच. म्हणून हरणे हा दोष नव्हे. ती त्या रचनेतली गोष्ट आहे.

हा प्रसंग पाहिला त्या रात्री मला झोप आली नाही. कारण सांगतो. आमच्या दौलताबादेत पहाटे पाच वाजता खुलताबादच्या घाटाकडे मुले धावत निघतात. पोलीस भरतीची ती तयारी. १६०० मीटर धावण्याची वेळ सेकंदासेकंदाने कमी करावयाची असते. माझा मुलगाही त्यांत धावत असे. तीन वेळा तो भरतीला उतरला आणि तिन्ही वेळा राहिला. प्रत्येक वेळी मी त्याला एकच वाक्य ऐकवले : तूच कमी पडलास. जागा किती आणि धावणारे किती, हा हिशेब द्वारसभांत हजार वेळा मांडणारा मी, घरात मात्र त्या बेसबॉलवाल्या बापाप्रमाणे वागलो. कामगाराला सांगत होतो की बेकारी हा तुझा दोष नाही. मुलाला सांगत होतो की तो तुझाच दोष आहे. दुसऱ्या दिवशी मी त्याला हे बोलून दाखवले. तो फार काही बोलला नाही. “तुम्ही पाहिलात ना तो भाग,” एवढेच म्हणाला.

मेहनत खोटी आहे, असे माझे म्हणणे नाही. हिनाताची उडी सरावानेच उंच होते. माझे म्हणणे इतकेच, की जी कथा घाम दाखवते आणि जागांचा हिशेब लपवते, ती तरुणाला स्वतःचा शत्रू बनवते. जी कथा दोन्ही दाखवते, ती त्याला सोबती मिळवून देते.

शेवटी ही चित्रे काढणाऱ्या हातांविषयी बोलले नाही, तर मी माझ्या धंद्याशी बेइमान ठरेन. पडद्यावर एका सेकंदात २४ चौकटी जातात. खर्च वाचवण्यासाठी सामान्यतः एक चित्र तीन चौकटी ठेवतात. म्हणजे सेकंदाला आठ चित्रे. एका भागाला अशी काही हजार चित्रे लागतात. मुख्य चित्रांमधली अधली-मधली चित्रे भरणाऱ्या नवशिक्यांना पुष्कळदा नगाप्रमाणे मजुरी मिळते : जितकी चित्रे, तितके पैसे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाची परंपरा तुघलकाच्या काळापासून सांगितली जाते, आणि औरंगाबादी हिमरूही हातानेच विणला गेला. कागद असो, कापड असो वा चित्र असो, नगावर मोजल्या जाणाऱ्या हाताला आजारपणाचा दिवस परवडत नाही.

या क्षेत्रातही संघटना झाली आहे. तोएईच्या ॲनिमेशन कंपनीत १९६१ साली कामगार संघटना स्थापन झाली. १९६३ मध्ये तेथे नोकरीस लागलेला एक तरुण पुढच्याच वर्षी तिचा सरचिटणीस झाला. त्याचे नाव हायाओ मियाझाकी. जगात आज हे नाव मोठ्या दिग्दर्शकाचे म्हणून घेतले जाते. उपाध्यक्ष होते इसाओ ताकाहाता. क्योतो ॲनिमेशन या संस्थेने नगावरच्या मजुरीऐवजी चित्रकारांना पगारी नोकरीत ठेवण्याचा मार्ग धरला. पोहण्याच्या खेळावरची ‘फ्री’ ही २०१३ ची मालिका त्यांचीच. १८ जुलै २०१९ रोजी एका माणसाने तेथे आग लावली आणि ३६ जण मृत्युमुखी पडले. त्यांत तरुण चित्रकार पुष्कळ होते.

प्रत्येक भागाच्या शेवटी गाणे लागते, आणि त्याबरोबर काम करणाऱ्यांची नावे सरकत जातात. ती जपानी लिपीत असतात. आम्हां बापलेकांना त्यांतले एकही वाचता येत नाही. पूर्वी माझा मुलगा तेथे बटण दाबून पुढच्या भागावर जात असे. आता आम्ही ती नावे शेवटपर्यंत चालू देतो.