कंबरदुखी, अशक्तपणा आणि हरवलेला दुवा

साठीच्या घरातल्या एक बाई. कंबर दुखू लागली. आधी शेक, मग पट्टा, मग औषधाच्या दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या. तरी थांबेना, म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे एक्स-रे झाला. ‘मणका थोडा चेपला आहे, वयोमानाने हाडे ठिसूळ होतात,’ असे सांगून कॅल्शिअम सुरू झाले. मग दोन जिने चढताना धाप लागू लागली. फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासले; हिमोग्लोबिन ८.४. लोहाच्या गोळ्या मिळाल्या. आणखी दोन महिन्यांनी पायावर सूज आली, क्रिएटिनिन वाढलेले निघाले आणि गाडी मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे वळली. प्रत्येकाने आपल्यासमोरच्या तक्रारीवर उपचार केले. पण तिन्ही कागद एका टेबलावर आले, तोवर सात महिने उलटले होते. निदान झाले मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरचे.

ही कोणा एका रुग्णाची गोष्ट नाही. या आजाराचा हा नेहमीचा रस्ता आहे. ‘रक्ताचा कॅन्सर’ म्हटले की आपल्याला ताप, रक्तस्राव, झपाट्याने खालावणारी तब्येत आठवते. मायलोमा मात्र कंबरदुखीच्या रूपाने येतो आणि म्हणून ओळखू येत नाही.

आपल्या अस्थिमज्जेत प्लाझ्मा पेशी असतात. जंतूंशी लढणारी प्रतिपिंडे तयार करणे हे त्यांचे काम. यातली एखादी पेशी बिघडते आणि तिच्यासारख्याच असंख्य पेशी तयार होतात. त्या एकाच प्रकारचे, निरुपयोगी प्रथिन रक्तात सोडत राहतात. मज्जेत त्यांची गर्दी झाल्याने लाल पेशी कमी पडतात, म्हणून रक्तक्षय. त्या हाडे पोखरतात, म्हणून दुखणे. हाडांतले कॅल्शिअम रक्तात उतरते, म्हणून मळमळ, बद्धकोष्ठता, सतत तहान. आणि ते प्रथिन गाळता गाळता मूत्रपिंडे थकतात. चार वेगळ्या तक्रारी, मूळ एकच. पाश्चात्त्य देशांत हा आजार बहुधा सत्तरीच्या आसपास दिसतो. आपल्याकडे तो साधारण दहा वर्षे आधी गाठतो.

आधी दिलासा. बहुतेक कंबरदुखी स्नायूंची असते आणि बहुतेक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा. प्रश्न दोन्ही एकत्र आले तर आहे. पाळी थांबून दहा वर्षे झालेल्या बाईचे किंवा कोणत्याही पुरुषाचे हिमोग्लोबिन कमी असेल, तर ‘का?’ हे विचारलेच पाहिजे. लोह खरोखर कमी आहे का, हे फेरिटिनच्या तपासणीतून कळते. ते न पाहता महिनोन् महिने गोळ्या घेणे म्हणजे वेळ दवडणे. रात्री झोपल्यावरही न थांबणारी कंबरदुखी, किरकोळ धक्क्याने मोडलेले हाड, वारंवार होणारा न्यूमोनिया, शंभरच्या वर गेलेला ईएसआर या खुणाही डॉक्टरांच्या नजरेस आणाव्यात.

सुरुवातीच्या तपासण्या मोठ्या शहरातच होतात असे नाही. सीबीसी, क्रिएटिनिन, कॅल्शिअम आणि रक्तातील एकूण प्रथिने तालुक्याच्या लॅबमध्येही होतात. रिपोर्टमध्ये ग्लोब्युलिन अल्ब्युमिनपेक्षा जास्त दिसले तर ते नजरेआड करू नये. पुढची पायरी सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस आणि फ्री लाइट चेन. दुसरी तपासणी महत्त्वाची, कारण काही रुग्णांत ग्लोब्युलिन वाढतच नाही. प्रथिनाचा फक्त लहान तुकडा तयार होतो. १८४५मध्ये लंडनच्या डॉक्टरांना एका रुग्णाच्या लघवीत असाच विचित्र पदार्थ आढळला. तो काय आहे हे त्यांना उमगेना, म्हणून त्यांनी नमुना हेन्री बेन्स जोन्स या रसायन जाणणाऱ्या डॉक्टरकडे पाठवला. ते प्रथिन आजही त्याच्याच नावाने ओळखले जाते. आपल्याला उमगत नाही ते जाणकाराकडे पाठवावे, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

हा जाणकार म्हणजे हिमॅटॉलॉजिस्ट, रक्तविकारतज्ज्ञ. आपल्याकडे खासगीत तज्ज्ञांना भेटायला चिठ्ठी लागतेच असे नाही. तरी फॅमिली डॉक्टरांकडून ती मागावी. कोणता संशय आहे आणि आतापर्यंत काय दिले, हे चार ओळींत कळते. जिल्ह्यात हिमॅटॉलॉजिस्ट नसेल तर एमडी फिजिशियन किंवा कॅन्सरतज्ज्ञ पहिल्या तपासण्या करून देऊ शकतात. जाताना फक्त ताजा रिपोर्ट नेऊ नका. दोन वर्षांपूर्वीचा सीबीसीही न्या, कारण हिमोग्लोबिन बारावरून आठवर आले की आधीपासूनच आठ होते, यात फरक आहे. एक्स-रेच्या फिल्म आणि चालू गोळ्यांची पाकिटेही पिशवीत असू द्या.

तज्ज्ञ बहुधा अस्थिमज्जेची तपासणी सांगतील. इथे अनेक घरे अडतात. ‘पाठीच्या कण्यात सुई घालणार, पाय जातील’ ही भीती निराधार आहे. नमुना कमरेच्या मागच्या हाडातून, जागा बधिर करून घेतात. तिथे मज्जारज्जू नसतोच. थोडे दुखते, पण बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात.

निदान होईपर्यंत दोन गोष्टी टाळाव्यात. मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. आधीच थकलेल्या मूत्रपिंडांना त्या आणखी मारक ठरतात. दुखणे लगेच थांबते म्हणून कोणी स्टेरॉइड देत असेल तर आधी तपासण्या करून घ्या. स्टेरॉइडमुळे आजार तात्पुरता दबतो आणि निदान अवघड होते. मात्र पायांतली शक्ती जाऊ लागली, बधिरता आली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. चेपलेला मणका मज्जारज्जूवर दाब देत असू शकतो. त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा.

खर्चाच्या धास्तीने निदानच टाळणारेही असतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरवरील अनेक उपचार बसतात. अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राला शिधापत्रिका दाखवून विचारावे. मायलोमा सहसा मुळापासून जात नाही. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आलेली औषधे आणि स्वतःच्याच मूळपेशींचे प्रत्यारोपण यांमुळे अनेक रुग्ण वर्षानुवर्षे कामधंदा सांभाळून जगतात. मूत्रपिंडे शाबूत असताना आणि मणके उभे असताना उपचार सुरू झाले, तर ही शक्यता वाढते.

म्हणून घरातल्या ज्येष्ठांचे रिपोर्ट आज एकदा एकाच फाइलमध्ये, तारखेप्रमाणे लावून ठेवा. कंबर, रक्त आणि मूत्रपिंड यांचे कागद शेजारी आले, की पुढच्या डॉक्टरांना तो हरवलेला दुवा दिसेल.